उघाडीवरचा शेंदूर

डोंबिवली स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून खाडीच्या रोखानं तासभर चाललं की मोरखार लागायचं. वीस-बावीस घरं, एक विहीर आणि घरांपुढून खाडीच्या कडेनं गेलेला मातीचा लांबलचक बांध. बांधाच्या अलीकडे भातशेती, पलीकडे खाडी. अलीकडचं पाणी गोडं, पलीकडचं खारं. ही दोन पाणी एकमेकांत मिसळू नयेत, एवढ्या एका खटपटीत मोरखारच्या माणसाचा जन्म जायचा.

पावसाचं जादा पाणी शेतातून बाहेर जायला बांधाला एक तोंड ठेवलेलं होतं. त्याला म्हणायचे उघाडी. ओहोटीला उघाडीची लाकडी फळी वर ओढायची, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत जातं. भरती चढायच्या आत फळी खाली सोडायची, म्हणजे खाडी शेतात येत नाही. सांगायला सोपं आहे. करायला दिवसातून चार खेपा बांधावर जावं लागे, आणि भरती काही माणसाची सोय बघून येत नाही. रोज पाऊण तास पुढे सरकते. आज जेवणाच्या वेळेला, तर आठवड्यानं ऐन झोपेत. हे काम सहदेव करायचा, आणि त्याबद्दल सुगीला घरटी एक पायली भात त्याच्याकडे यायचं. लक्ष्मी ही सहदेवची बायको. सगळं मोरखार तिला लक्ष्मीआय म्हणायचं, कारण गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती.

अठ्ठेचाळीस साली दिवाळी उलटल्यावर मोठं तुफान झालं. ज्यांनी पाहिलं त्यांनी जन्मभर सांगितलं असं तुफान. भात कापणीला आलेलं होतं. खाडी बांधाच्या डोक्यापर्यंत चढली आणि उघाडीची फळी मधोमध फुटली. सहदेव तिथंच होता. त्यानं अंगानं पाणी अडवायचा प्रयत्न केला, म्हणजे शुद्ध वेडेपणा केला. फुटक्या फळीचा तुकडा त्याच्या छातीवर बसला. महिनाभर रक्त ओकत तो अंथरुणावर पडला आणि गेला. जाताना बायकोला घरादारातलं काही बोलला नाही. "खारं पानी आत नको येऊ देऊस," एवढंच म्हणाला. मरताना माणूस हे बोलतो? पण मोरखारचा माणूस हेच बोलणार.

खारं पाणी मात्र आलेलंच होतं. आणि ते एकदा जमिनीत बसलं की तीन पावसाळे धुवून काढावं लागतं. तीन वर्षं मोरखारला भात झालं नाही. पुरुष मिठागरात, दगडाच्या खाणीत कामाला गेले. लक्ष्मीआयनं फुटक्या फळीला ठिगळं लावली, मधल्या फटीत पेंढ्याचे बोळे आणि चिखल कोंबला आणि नवऱ्याच्या जागी स्वतः चार खेपा घालू लागली. तिचा वाटा बांधाला अगदी लागून होता, उघाडीच्या तोंडाशीच. पाणी आत आलं की पहिलं तिचं शेत जाणार. चांगुणा ही तिची एकुलती मुलगी खाडीकाठीच दोन कोसांवर आंबेखारला दिलेली होती. त्यामुळे ह्या घरात खाडीची काळजी करायला ती एकटी होती.

एक्कावन्न साली सरकार आलं. सरकार म्हणजे दोन होड्या, सात माणसं आणि एक लोखंडी दार.

योजना मोठी होती. खाडीकाठच्या अकरा गावांना अकरा लोखंडी उघाड्या बसवायच्या, खार जमीन सोडवायची, भात दुप्पट पिकवायचं. देश नवा होता, भुकेला होता, आणि योजना आखणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मला त्यांच्यावर रागवायचं आहे. दार बसवायच्या दिवशी एका साहेबानं बांधावर उभं राहून भाषण केलं. "ह्या दाराला ना झोप, ना आजार, ना पगार," ते म्हणाले. "हे भरतीला आपोआप मिटतं, ओहोटीला आपोआप उघडतं. ह्याला माणूस लागत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लक्ष्मीआयनंही वाजवल्या. ज्या माणसाची गरज संपली तो माणूस आपणच, हे तिच्या लक्षात यायला पुढल्या सालची सुगी उजाडावी लागली. तेव्हा घरटी पायली आली नाही. दगडू पाटलानं तिला समजावलं, "आये, आता दार आपलं आपन चालतं. भात कशाचा द्यायचा?" तिला ते पटलंसुद्धा.

पण त्या पहिल्या दिवशी तिच्या डोक्यात पायलीबियली काही नव्हतं. तिला दिसला तो रंग. होडीतून दार उतरवलं तेव्हा ते नखशिखांत शेंदरी होतं. वरच्या दोन मोठ्या बिजागऱ्यांपासून खालच्या काठापर्यंत गावाच्या वेशीवरल्या देवासारखं लालभडक. दार बसवणारा फिटर लिनो हा ठाण्याचा ख्रिस्ती, चाळिशीतला, तोंडानं फटकळ आणि हातानं देवमाणूस. तिनं त्याला विचारलं, "ह्याला शेंदूर कोनी लावला?"

"वर्कशॉपातच लावतात, आये. लावल्याबिगर बाहेरच काढत नाय," लिनो घाईत म्हणाला.

तिनं मान डोलावली. सरकारनंच शेंदूर लावून धाडलाय म्हणजे हे काय आहे ते सरकारलाही ठाऊक आहे, असं तिनं मनाशी धरलं.

सगळे गेल्यावर ती बांधावर बसून राहिली. ओहोटी लागली होती. दार वरून टांगलेलं, शेतातल्या पाण्याच्या रेट्यानं खालून वीतभर बाहेर ढकललं गेलेलं, आणि फटीतून पाणी खळखळ वाहत होतं. मग पाणी थबकलं. खाडी फिरली. हळूहळू बाहेरचं पाणी चढत दाराला भिडलं. दार थोडंसं हललं, क्षणभर थांबलं, आणि घप् असा आवाज करून चौकटीत बसलं. खाडी चढतच राहिली. आत एक थेंब आला नाही.

लक्ष्मीआय उभी राहिली. तिच्या अंगावर काटा आला होता. वीस वर्षं तिचा नवरा आणि तीन वर्षं ती स्वतः, पावसात, काळोखात, तापानं फणफणताना जे करायला धावत होते, ते ह्यानं कुणी न सांगता केलं होतं. सहदेव कामाचा पक्का होता, पण तोही दोनदा चुकला होता. हे चुकणार नव्हतं. ज्याला सांगावं लागत नाही आणि जो चुकत नाही, त्याला देव नाही तर काय म्हणायचं? तिनं हात जोडले, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडली. त्या रात्री ती सलग झोपली, आणि सकाळी उजेड बघून घाबरून उठली.

आता देव म्हटला की त्याची सेवा आली. अमावस्येला सकाळी खाडीचं पाणी सगळ्यात खाली उतरतं, दाराचा खालचा काठसुद्धा उघडा पडतो. लक्ष्मीआय अमावस्येला बांधावरून खाली चिखलात उतरायची. आधी देवाला आंघोळ घालायची. दारावर चिकटलेली कालवं, शंख, शेवाळ काथ्यानं घासून काढायची. मग गोड्या पाण्याच्या चार घागरी ओतायची, कारण देवाच्या अंगावर खारं पाणी वाळू देणं तिला बरं दिसेना. फडक्यानं पुसायची. बिजागऱ्यांना लिनो कान म्हणायचा. तेव्हा तान्ह्या बाळाच्या कानात सोडावं तसं त्या कानांत तेल सोडायची. आणि मग शेंदूर.

पहिल्या खेपेला तिनं साधा तेलातला शेंदूर लावला, तो दुपारच्या भरतीनं धुवून नेला. तिला वाईट वाटलं. पण लाकूड आणि खारं पाणी ह्यांचं वैर तिला नवं नव्हतं. सहदेव लाकडी फळीला अळशीच्या तेलात राळ कढवून लावायचा, होड्यांना लावतात तसा. तिनं तेच केलं. अळशीचं तेल आटवलं, त्यात राळ विरघळवली, मग शेंदूर घोटला. तो असा घट्ट बसला की भरतीमागून भरती वरून गेली तरी हलला नाही. शेवटी नारळ फोडायचा आणि वर यायचं. एका देवाची सेवा करायला अर्धी सकाळ जायची.

बावन्न साली ठाण्याहून नवा ओव्हरसियर आला. गुरुदत्त सबनीस. सत्तावीस-अठ्ठावीसचा, इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं, अकराही दारांची जबाबदारी एकट्यावर. मोरखारचे लोक त्याला ओरशेर म्हणायचे. त्यानं दारावरचा शेंदराचा थर पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"बाई, हे सरकारी दार आहे! हा काय दगड आहे का शेंदूर फासायला?"

"सरकारनंच लावून धाडलाय, सायब."

"तो शेंदूर नाही हो, रंग होता. लोखंड गंजू नये म्हणून आतला हात. त्याच्यावर काळ्या रंगाचे दोन हात यायचेत. डबे मंजूर झालेत, येतील. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"मग रंग कवा येल?"

"येईल म्हणतोय ना!"

दार बसवताना एक पुस्तिकाही गावाला मिळाली होती. तीस पानांची, इंग्रजी. ती दगडू पाटलानं फडक्यात बांधून कणगीच्या वर ठेवली. गावात मराठी वाचणारे दोघं, आणि इंग्रजी वाचणारा एकही नाही. त्या पुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर असं होतं की, दार दर महिन्याला गोड्या पाण्यानं धुवावं, चिकटलेले जीव खरवडावेत, बिजागऱ्यांना तेल द्यावं आणि आतला रंग उघडा पडला तर पुन्हा द्यावा. हे करायला प्रत्येक दारामागे एक माणूस नेमावा. माणसाची जागा मात्र मंजूर झाली नाही, कारण ज्याला माणूस लागत नाही त्याला माणूस कशाला, असं वरच्या साहेबांनी भाषणातच सांगून टाकलं होतं. रंगाचे डबे खरोखरच मंजूर झाले होते. ते ठाण्याच्या गोदामात येऊनही पडले. पण खाडीकाठी ते पोचवायला होडी लागते, आणि होडी दुसऱ्या खात्याकडे. गुरुदत्तनं अर्ज केले. एक, दोन, सात. तो आळशी नव्हता. दर पावसाळ्याआधी तो अकराही गावं पायी फिरायचा, "डबे येताहेत" म्हणायचा, आणि दरवर्षी असं म्हणताना त्याचा आवाज थोडा खाली यायचा. मोरखारला आला की लक्ष्मीआयवर ओरडायचा. ती ऐकून घ्यायची, त्याला ताक द्यायची, आणि पुढल्या अमावस्येला पुन्हा चिखलात उतरायची. सायब तरुण आहे, त्याला देवाधर्माचं कळायला वेळ लागेल, असं ती शेजारणीला सांगायची.

भात पिकू लागलं होतं. बावन्नला थोडं, त्रेपन्नला बरं, पंचावन्नला तर असं की खाणीतले लोक घरी परतले. लक्ष्मीआय बांधावर उभी राहून शेताकडे बघायची तेव्हा तिला खरं वाटायचं नाही.

छप्पन साली पिठोरीच्या अमावस्येला परीक्षा झाली. पाच दिवस पाऊस कोसळत होता. भात पोटरीला आलेलं. आणि त्यात अमावस्येचं उधाण. सकाळी ती देवाला न्हाऊ घालून आली तेव्हाच खाडीचा रंग बरा नव्हता. दुपारी बाराला सगळा गाव बांधावर जमला. पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली होतं आणि अजून चढत होतं. दारावर लाट आदळली की बांध पायाखाली थरथरायचा. अठ्ठेचाळीस सालचं तुफान प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे होतं, आणि लक्ष्मीआयच्या डोळ्यांपुढे छातीवर फळी बसलेला तिचा माणूस होता.

"दार तुटलं तर?" दगडू पाटलानं विचारलं.

"नाय तुटायचा तो," ती म्हणाली. पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

दार तुटलं नाही, हललंही नाही. एक वाजून गेला आणि खाडी उतरू लागली. पण अर्धंच काम झालं होतं. आतल्या बाजूला पावसाचं पाणी तुंबून लक्ष्मीआयच्या शेतात मांडीएवढं चढलं होतं. दार आता उघडलं नाही, तर भात बुडून कुजणार. पाच वर्षं खाऱ्या पाण्यात लोंबलेलं लोखंड; मिटायला खाडीचा जोर मदतीला होता, उघडायची भिस्त त्या दोन कानांवर. सगळे वाकून बघत होते. तीन वाजले. चार वाजले. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेलं. आणि दार काही कुरकूर न करता, हातानं पडदा सारावा इतक्या सहज, वर उचललं गेलं. आतलं गढूळ पाणी धाडधाड खाडीत पडू लागलं. गाव ओरडलं. म्हातारी माणसं नाचली. लक्ष्मीआय बांधावरच मटकन खाली बसली आणि कपाळ मातीला लावून तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चांगुणा आली. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"आय, आमचं शेत गेलं," ती म्हणाली.

आंबेखारचं दार मिटलंच नव्हतं. बिजागऱ्या गंजून अर्ध्या उघड्या जागीच अडकून बसल्या होत्या. आंबेखारच्या पुरुषांनी पहारींनी ठोकून पाहिलं, तर पहार पत्र्यातून आरपार गेली. खाडी आत शिरली. आणि एकट्या आंबेखारची ही गत नव्हती. अकरा दारांपैकी दहा गेली. काही उघडी अडकली आणि शेतं खारावली, काही मिटलेली अडकली आणि शेतं कुजली. दहा गावांचं भात एका दिवसात गेलं.

लक्ष्मीआयनं नातवंडाला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आंबेखारच्या देवाला कोनी न्हाऊ घालायचं का?"

"कसला देव, आय? सरकारचं दार हाय ते. त्याला कोन न्हाऊ घालतंय?"

"तेच. नुसतं काम करून घेतलंत त्याच्याकडनं. कवा पुसलंत का त्याला, बाबा कसा हायस म्हनून?"

मुलीचं शेत गेल्याचं दुःख तिला होतंच, पण देव असा रागावू शकतो ह्याची भीती त्याहून मोठी होती. आपल्या देवानं राखलं, म्हणून तिनं त्या आठवड्यात दोन नारळ जास्त फोडले.

भाद्रपद संपता संपता गुरुदत्त आला, बरोबर लिनो. गुरुदत्त ओळखू येत नव्हता. दाढी वाढलेली, डोळे खोल. दहा गावांत त्यानं काय काय ऐकून घेतलं असेल ते त्याचं त्याला ठाऊक. चौकशीसाठी दोन दिवसांनी मोठे साहेब येणार होते, आणि धड राहिलेलं दार हे एकच होतं, तेव्हा ते स्वच्छ दिसायला हवं होतं.

"लक्ष्मीबाई, हा शेंदूर काढावा लागेल. वरून हुकूम आहे," तो म्हणाला. ह्या वेळी तो ओरडला नाही.

"सायब, मना काय सांगायचं ते सांगा. देवाला हात नका लावू. त्यानं सोडलं तर खारं पानी आत येल."

"दोन दिवसांपुरतं, बाई. मग तुम्ही हवं ते करा."

लिनो पटाशी घेऊन चिखलात उतरला. लक्ष्मीआय बांधावर उभी राहून पदरात तोंड झाकून रडत होती. लिनोनं एका कोपऱ्यातला थर खरवडला. तो जाड होता, बोटाच्या अर्ध्या पेराएवढा, आणि दगडासारखा टणक. खपली उडाली. लिनो थांबला. त्यानं आणखी थोडं खरवडलं. मग खपली नाकाशी नेली, वास घेतला, नखानं कुरतडली.

"साहेब, खाली या."

"काय झालं?"

"पहिलं खाली या तुम्ही."

गुरुदत्त बूट न काढताच चिखलात उतरला. खरवडलेल्या जागी लोखंड लखलखत होतं. वर्कशॉपातून काल आल्यासारखं. एक डाग नाही, गंजाचा ठिपका नाही. लिनोनं बिजागरीवर बोट फिरवून दाखवलं. ती तेलानं ओली होती.

"साहेब, आपण आतला हात देतो तो लाल रंग कशाचा करतात?" लिनो म्हणाला. "भाजलेल्या शिशाची भुकटी आनि अळशीचं तेल. शेंदूर पन तोच, साहेब. बाजारात पुड्यांत मिळतो म्हणून आपल्या ध्यानात नाय आलं. ह्या बाईनं पाच वरसं दर म्हयन्याला ह्या दाराला रंग दिलाय. आपल्याहून बरा. राळ घालून."

गुरुदत्त कोपऱ्यातल्या त्या चकाकणाऱ्या वीतभर जागेकडे बघत राहिला, मग वर बांधाकडे. मग तिथंच चिखलात बसला. इस्त्रीच्या पँटसकट. लक्ष्मीआय रडायची थांबली. सायबाला भोवळ आली असं तिला वाटलं.

"बाई," तो वर बघून म्हणाला, "तुम्ही ह्याला धुता?"

"न्हाऊ घालते."

"कशानं?"

"इहिरीच्या पान्यानं. खारं पानी देवाच्या अंगावर कसं वाळू द्यायचं?"

"आणि तेल?"

"कानात. नायतर कान दुखतील त्याचे."

गुरुदत्तनं डोळे मिटले. एकोणिसाव्या पानावरची ओळ न् ओळ ही बाई त्याला तोंडानं सांगत होती, आणि तिला अक्षर वाचता येत नव्हतं. चार वर्षं तो तिला हे करू नको म्हणून ओरडत आला होता. तिनं त्याचं ऐकलं असतं, तर मोरखारही गेलं असतं. "लिनो," तो म्हणाला, "खरवडलंय तेवढं पुन्हा लाव. ताबडतोब. बाईंना विचारून."

मोठे साहेब आले. दार बघून फार खूश झाले. गुरुदत्तनं सगळं सांगितलं, एकही गोष्ट लपवली नाही, उलट लेखीसुद्धा दिलं. प्रत्येक दारामागे एक माणूस नेमा, पगार नसेल तर निदान शेंदूर-तेल पुरवा, असंही लिहिलं. साहेब हसले. "सबनीस, अहवालात शेंदूर लिहू म्हणता? दिल्लीला काय तोंड दाखवू?" असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, शहाळ्याचं पाणी प्यायले आणि होडीत बसले.

त्या अहवालातून निघालेला हुकूम सत्तावन्नच्या श्रावणात मोरखारला पोचला. तो गुरुदत्तनं स्वतः आणला. टपालानं पाठवला असता तरी चाललं असतं. पण त्याला तो वाचून दाखवायचा होता, नाही, त्याला माफी मागायची होती. अमावस्येची सकाळ होती, पाणी उतरलेलं. लक्ष्मीआय बांधावर बसली होती. बाजूला घागरी, काथ्या, तेलाची वाटी, शेंदराची वाटी. त्या पावसाळ्यात तिचे गुडघे धरले होते, चढ-उतार होईना. आंबेखारला नवं दार बसलं होतं, तितकंच लाल, आणि चांगुणा आता त्याला न्हाऊ घालत होती. त्यामुळे मोरखारच्या देवाकडे आज कोण उतरणार, ह्या विवंचनेत ती सकाळपासून बसली होती. गावच्या बाया हो म्हणायच्या, पण दाराला हात लावायचा नाही हा सायबांचा जुना हुकूम मोडायला घाबरायच्या.

गुरुदत्तनं कागद उघडला आणि मराठीत सांगितला. "मोरखारचं दार पाच वर्षं कुठल्याही देखभालीशिवाय उत्तम चालू आहे. यावरून दाराचा आराखडा निर्दोष असल्याचं सिद्ध होतं. सबब दारांसाठी माणूस नेमण्याची अथवा रंग पुरवण्याची आवश्यकता नाही." त्यानं कागदाची घडी केली. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मी लिहिलं होतं, बाई. तुमचं नावसुद्धा लिहिलं होतं."

लक्ष्मीआय ऐकत होती, आणि तिचा चेहरा उजळत होता.

"म्हंजे मोठ्या सायबाला पन कळलं!" ती म्हणाली. "मी सांगतच होते. तो आपला आपन चालतो. त्याला कोनी लागत नाय."

"अहो बाई, तो तुमच्यामुळे चालतो! तुम्ही नसतात तर त्याचा केव्हाच चुरा झाला असता. तुम्ही काम केलंत, पाच वर्षं, फुकट."

"गप, गप सायब!" तिनं घाईघाईनं कानांना हात लावले. "पाप लागेल. मी कसलं काम केलं? काम त्यानं केलं. मी आपली सेवा केली."

गुरुदत्त तिच्याकडे बघतच राहिला. हुकूम काढणारे मोठे साहेब आणि ही बाई, दोघांचं एका गोष्टीवर संपूर्ण एकमत होतं, आणि दोघांना खोटं पाडणारं दार खाली चिखलात लोंबत होतं. त्यानं कागद खिशात घातला. बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली, आणि काथ्या आणि घागर उचलून बांधावरून खाली उतरला.

"सायब, तुमी?" लक्ष्मीआय म्हणाली.

"सांगा कसं करायचं ते."

मग ती सांगत गेली आणि तो करत गेला. आधी कालवं. जोर लावा, रुसायचा नाय तो. खालचा काठ इसरू नका. आता पानी. पुसा, कोरडा होऊ द्या, भरतीला अजून येळ हाय. तेल आधी कानात. दुसरा कान ऱ्हायला. आता शेंदूर, वरनं खाली, एका हातानं. गुरुदत्तचे हात कोपरापर्यंत शेंदरी झाले, कपाळावर डाग पडला, पाठ भरून आली. दोन तास झाले. ही बाई पन्नाशीच्या पुढची, आणि तिनं हे साठाहून जास्त वेळा केलं होतं.

"झालं, सायब," ती वरून म्हणाली. "आता हात जोडा, मंग वर या."

गुरुदत्तनं हात जोडले. पण दाराकडे त्याची पाठ होती. तो वर बांधाकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

लक्ष्मीआयला काही उमगलं नाही. मागे कोण येऊन उभं राहिलंय म्हणून तिनं लगबगीनं वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं, नुसतं हिरवं भात होतं.